दक्षिणेचा पक्षी आणि सुमनबाईंचा भाऊ

सुमनबाई गेल्याचं मला चामोर्शीच्या बाजारातून परतणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, डोक्यावरची टोपली खाली न ठेवताच. महिना होत आला त्याला. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत चांद्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी बरोबर होतो. मी मराठी शिकवायची, त्या विज्ञान. ऐकलेल्या गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. कुणी काही सांगू लागलं की त्या डोळे बारीक करत आणि विचारत, “तुम्ही स्वतः पाह्यलं का?”

त्यांचा थोरला भाऊ शंकर तरुणपणीच घरातून निघून गेला होता. तो एका उन्हाळ्यात अचानक चामोर्शीच्या घरी परतला. व्हेल मारणाऱ्या जहाजावर होतो, पार दक्षिणेच्या बर्फाजवळ, असं सांगू लागला. गावात कुणाला ते पटेना. जेलात होता, असं लोक उघड म्हणत. त्याच्याजवळ पुरावा एकच : कातडीत कापूस भरून सुकवलेला, मुठीहून जरासा मोठा एक पक्षी. वरून काळा, खालून पांढरा, पंख आखूड. शेजारी हसले, “हे तर टिबुकली आहे. तळ्यावर कितीक सापडतात.”

सुमनबाईंनी तो पक्षी चांद्याला आणला. टिबुकली नव्हे, हे त्यांनी पायांवरूनच ओळखलं. टिबुकलीच्या बोटांना सुट्या झालरी असतात, याची तिन्ही बोटं पडद्यानं जोडलेली, आणि मागचं बोट नाहीच. मग नागपूरच्या कॉलेजातून जाड पुस्तक आलं. त्यात हुबेहूब तसाच पक्षी निघाला... पण उत्तरेच्या समुद्रातला! “पाहा,” त्या मला म्हणाल्या, “दादा खोटंच बोलून राह्यला.” त्यांचा चेहरा इतका उतरला, की शंका खरी ठरल्याचा आनंद त्यांना अजिबात झाला नव्हता हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगातून चोच पाहिली. नाकपुड्या दोन छोट्या नळ्यांत होत्या, तोंडं वर वळलेली. उत्तरेच्या पक्ष्याला अशा नळ्या नसतात. हा डायव्हिंग पेट्रेल, नळीनाक्या समुद्रपक्ष्यांपैकी, प्रचंड पंखांच्या अल्बट्रॉसचा दूरचा भाऊबंद, आणि राहतो फक्त दक्षिणेला. उत्तरेच्या त्या पक्ष्याशी याचं नातं नाही, पण दोघंही पंख मारत पाण्याखाली शिरतात. त्या एकाच कामानं दोघांना सारखं रूप दिलेलं. मी म्हटलं, “म्हणजे भाऊ खरा ठरला!” सुमनबाईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “पक्षी खरा ठरला. तो दादानंच आणला कशावरून? मुंबईत कुठी विकत घेतला असंल तर?”

त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर चामोर्शीला गेले. त्यांनी भावाला समोर बसवून वकिलासारखं विचारलं. पक्षी जिवंत असताना त्याचे पाय कसे होते? “निळे. मेल्यावर काळे पडले.” उडतो कसा? “लाटेत शिरते अन् दुसऱ्या अंगानं निघते, पंख थांबवतच नाई. जहाजाच्या दिव्यावर आपटून डेकवर पडत. हाती घेतलं का पिसांचा तेलकट दर्प हाताले लागे. वास जाता जात नसे.” बाई आणखी विचारणार, तोच तो उठला.

“सुमे, पाखराच्या नाकावर तुहा भरोसा आहे. माह्यावर काऊन नाई?”

सुमनबाई उठल्या आणि चपला घालू लागल्या. मात्र पुढे दरवर्षी पक्ष्यांचा धडा आला, की त्या भावाला चांद्याला बोलावत. तो अवघडून मुलींसमोर उभा राही, कोपर अंगाशी धरून ते आखूड पंख कसे भिरभिरतात ते दाखवी, आणि सुमनबाई मागच्या बाकावर बसून ऐकत.

गेल्या आठवड्यात मी चामोर्शीला गेले. शंकरभाऊ आता फार थकलेत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाले, “बाई, सुमीचा माह्यावर भरोसा बसला होता का नाई, हे तिनं मले कधी सांगितलं नाई. तुमाले सांगितलं का?”

“नाही,” मी म्हटलं. त्यांची मान खाली गेली. “पण भाऊ... स्वतःला खात्री नाही असं एक वाक्य तरी त्यांनी कधी वर्गात येऊ दिलं असतं का?”

ते चहा ठेवतो म्हणून आत गेले. चहा काही लवकर आला नाही... आतून त्यांच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.