नाखवांच्या कनवटीतली सुपारी

मला माणसात आणलं ते दिघीच्या तरीवरच्या नाखवांनी. पोटाला काम त्यांनी दिलं, निजायला पडवी त्यांनी दिली, आणि आज ह्या सरकारी गोदामाच्या दारात ज्या स्टुलावर बसून मी लिहितो आहे, ते स्टूलसुद्धा त्यांच्याच शब्दाने मिळालेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे नाखवांचा जो वैताग येणार आहे, तो वाचून कुणाला वाटायचं की मी त्यांची कागाळी करतोय. तसं नाही. पण वैताग वगळला तर नाखवांमध्ये उरायचं काय, हाही प्रश्न आहेच.

दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला त्यांची तर, म्हणजे उतारूंची होडी, चालायची. दोन वल्ही, एक ठिगळाचं शीड. उतारू चिखलातून पाय काढून आत बसला रे बसला, की नाखवा त्याला विचारीत, "सुपारी गेली काय?" उतारू गावातला असो, मुरुडचा असो, नाहीतर हरिहरेश्वरला निघालेला कुणी यात्रेकरू असो. एका यात्रेकरूने बिचाऱ्याने आपली पिशवी चाचपून "आहे, आहे" म्हणून सांगितलं होतं. नाखवांनी कपाळावर हात मारला आणि पूर्ण खाडी उतरेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही.

ही सुपारी म्हणजे हुतुतूची. कबड्डी म्हणायची पद्धत तोवर आमच्याकडे यायची होती. गावच्या संघात गड्याला घ्यायचं तर अध्यक्षांनी गावदेवीपुढे त्याच्या उजव्या हातावर श्रीवर्धनी रोठा, म्हणजे अख्खी सुपारी, ठेवायचा. गड्याने तो अडकित्त्याने फोडायचा. अर्धा त्याच्या तोंडात, अर्धा परत अध्यक्षांकडे. तो देवीपाशी फडक्यात बांधून राहायचा. एवढं झालं की शिमग्यापर्यंत गडी गावचा. मग त्याला कुणी सोन्याचा जिना लावला तरी तो हलायचा नाही. पण सुपारी फुटायच्या आत दुसऱ्या कुणी त्याला उचललं, तर तोंड उघडायची सोय नव्हती.

साधी गोष्ट. दरवर्षी गणपती गेले की द्यायची आणि मोकळं व्हायचं. पण आमचे अध्यक्ष अप्पा. किराणा दुकानाच्या गादीवर बसून ते एकच शब्द बोलत, "बघू." पहिली सुपारी गजाला द्यायची की लखूला, यावर बघू. तबक कोण धरणार, यावर बघू. बघता बघता पितृपक्ष लागायचा, आणि पितृपक्षात सुपारी द्यायची नाही, हे मात्र अप्पांना न बघता माहीत असायचं. मग थेट दसरा.

गजा आमचा चढाईचा गडी. उंच, काटक, समोरच्यांच्या अंगणातून तिघांना बाद करून असा परत यायचा जसा शेजारून विस्तव घेऊन आला. लखू डाव्या कोपऱ्यावरचा. त्याने घोटा धरला की माणूस आईला हाक मारायचा. या दोघांवर नाखवांचा जीव. घरी पाच माणसं होती त्यांच्या, पण ताप कुणाला आला हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळायचं. गजाचा गुडघा दुखतो हे मात्र तो लंगडायच्या आधी कळायचं.

मी तिथला नव्हे. माणदेशातला, सहावीतून शाळा सोडलेला. मचव्यावर सरपण चढवायच्या कामावर दिघीला आलो, आणि पहिल्याच हंगामात मुकादमाने काढून टाकलं. धक्क्यावर बसलो होतो. विसाव्या वर्षी बाप्या माणसाने रडू नये, पण रडत होतो. नाखवा वर आले नि म्हणाले, "ए घाटावरच्या, वाचता येतं काय?" मी म्हटलं, येतं. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं चार दिवसांपूर्वीचं मुंबईचं वर्तमानपत्र पुढे केलं. "मंग हुतुतूचा काय लिवलाय ता वाच. नि मंग जेवायला चल." माझी नोकरी अशी लागली. वल्हं मारायचं, वर्तमानपत्र वाचायचं आणि अप्पांच्या हुतुतू समितीला अर्ज लिहायचे.

अर्जांचं काय सांगू! नाखवा सुकाणूवरून सांगायचे, मी पलीकडे पोचल्यावर लिहायचो. "अप्पांस नमस्कार. सुपारी कधी देणार? न देणार असाल तर तसं सांगा, म्हणजे आम्ही जीव तरी देऊ." हे शेवटचं वाक्य मी गाळायचो. तर अप्पा म्हणायचे, "नाखवा यंदा जरा नरमले वाटतं." की नाखवा माझ्यावर डाफरायचे.

पलीकडचे हुसेनभाई आठवड्यातून दोनदा तरीने यायचे. त्यांच्या संघाच्या सुपाऱ्या गणपतीच्या आधीच फुटलेल्या. ते मुद्दाम पान जुळवीत विचारायचे, "नाखवा, आमची तर चघळून पण झाली. तुमची अजून झाडावर हाय की काय?"

"हुसेनभाय, पोवता येतं ना तुमाला?" नाखवा विचारायचे. "न्हाय, मधेच उतरायची वेळ आली तर म्हणून विचारलं."

लखू गेला ते वर्ष मला चांगलं आठवतं. पितृपक्षातला चौथा दिवस. पांढऱ्या टोपीचा एक गृहस्थ आगरदांड्याहून बसला. गोड माणूस. सुपारीचं विचारल्यावर "आमच्याकडे तसली पद्धत नाही" म्हणाला. लखूचं घर विचारलं. नाखवांनी हाताला धरून त्याला उतरवला, वाट दाखवली, वर शहाळं दिलं. संध्याकाळी तो परत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर लखू होता, आणि लखूच्या डोक्यावर ट्रंक होती. गृहस्थ मुंबईच्या एका गिरणीचा. गिरणीला संघ होता, संघाला कोपरा हवा होता.

"मीच त्याला हात धरून उतरवला रं," नाखवा आठ दिवस म्हणत होते. "शहाळा पण मीच दिला!" आणि मग अप्पांच्या दुकानापुढे उभे राहून, भर बाजारात, "गिरणीवाल्यांना पितर नसतात काय ओ अप्पा? का त्यांचे पितर बाराही महिने जेवतात?"

अप्पा म्हणाले, "बघू."

त्यानंतर टोपीवाला अनोळखी माणूस दिसला की नाखवा तर सोडत नसत. देवीची लस टोचणारा एक सरकारी माणूस त्यांनी आगरदांड्याच्या चिखलात दोन तास उभा ठेवला. तो ओरडून सांगतोय, "अहो, मी डॉक्टरखात्याचा!" आणि नाखवा तरीवरून ओरडतायत, "कोपऱ्यावर खेळतो का चढाईचा?"

आता राहिला गजा. त्यालाही गिरणीचं बोलावणं आलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढच्या भाद्रपदात तो स्वतःच तरीवर येऊन बसला. म्हणाला, "नाखवा, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? बापूस थकला, दोन भयणी लग्नाच्या. सुपारीवर घर चालत न्हाय. हितंच कायमची नोकरी लागली तर मी कशाला जातंय मुंबईला?"

कायमची नोकरी गावात एकच निघाली होती. बंदर कचेरीतला शिपाई. आणि ती कुणाला द्यायची हे एका अर्थी नाखवांच्या हातात होतं. दोन पावसाळ्यांमागे बंदरावरच्या साहेबांची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा वादळात तर घालून त्यांनी तिला मुरुडच्या दवाखान्याला पोचवलं होतं. साहेब तेव्हापासून म्हणत, "नाखवा, तुम्ही एक नाव सांगा, मी घेतो." नाखवांनी सांगितलं होतं. नाव माझं होतं.

मला झोप लागेना. गजा गेला तर नाखवांचं काय होईल ते मी पाहत होतो, आणि गजा राहिला तर माझं काय होईल तेही मला दिसत होतं. घरी आईला पत्रात लिहून बसलो होतो की नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी तोंड वर करून विचारायचंही धाडस झालं नाही. वल्हं मारत राहिलो.

आणि त्याच दिवशी अप्पा समितीतल्या दोघांना घेऊन तरीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा ते बघू म्हणाले नाहीत. "नाखवा, मार्ग निघाला. साहेबांना गजाचं नाव सांगा. तो इथे चिकटला की सुपारी उद्याच फोडतो. पितृपक्षाला अजून सहा दिवस आहेत, मी बघितलंय पंचांगात." मग माझ्याकडे हनुवटी उडवून, "ह्या घाट्याचं काय, आज इथे, उद्या आणखी कुठे."

मी समोरच वल्ह्यावर होतो. मान खाली घालून ओढत राहिलो.

नाखवांनी शीड सोडलं, पुन्हा बांधलं. त्यांचा हात कनवटीकडे गेलेला मला दिसला. तिथे एक रोठा होता, त्यांनी स्वतः श्रीवर्धनहून निवडून आणलेला, गजासाठी. अप्पा विसरले तर हातचा असावा म्हणून. अर्धी खाडी गेली. सगळ्या जन्मात त्यांना जे हवं होतं ते अप्पा आज तबकात घालून देत होते.

"अप्पा," नाखवा म्हणाले, "सायबाला मी एक नाव दिलाय. आज एक द्यायचा, उद्या दुसरा द्यायचा… मी काय समिती हाय?"

पलीकडे पोचेपर्यंत वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता, आणि तोही माझ्याने नीट निघत नव्हता.

गजा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी निघाला. नाखवांनी दुसऱ्या कुणाला त्या फेरीला घेतलं नाही. आगरदांड्याला उतरून गजा पाया पडला. नाखवा काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "डाव्या अंगानं चढू नको. गुडघा हाय तुझा." आणि तर फिरवली.

मला वाटलं होतं, एवढं मोठं मन केलं म्हणजे नाखवा आता शांत होतील. छे! मी शिपायाचा डगला घालून कचेरीत जायला लागलो, आणि संघ हरायला लागला. प्रत्येक हारीनंतर ते कचेरीच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. "तू बसला स्टुलावर, नि आमी बसलो मार खात." मी चहा पुढे करायचो. चहा प्यायचे, आणि पुन्हा, "तुझ्यापायी रं, तुझ्यापायी!" साहेब आतून हसायचे. मला हसू यायचं नाही. एका वर्षी लाज वाटून मीच मैदानात उतरलो. पहिल्याच चढाईत सात जणांनी मिळून मला असा दाबला की डगल्याची आठवण झाली. नाखवा रेषेवरून ओरडले, "दम बराय! पाय कुणाचे आणलेस?"

पण कचेरीतल्या त्याच सात वर्षांत माझं लग्न त्यांनी लावलं. मुलगी झाली तेव्हा पडवीत पाळणा त्यांनीच टांगला. पाळण्याला झोका देत तिला सांगायचे, "तुझ्या बापसाला ठेवला नि गजाला घालवला. बघ, काय धंदा केला!"

मग राज्य नवं झालं, खाती इकडची तिकडे झाली, आणि माझ्या नावाचा बदलीचा हुकूम आला. थेट विदर्भात, धान्याच्या गोदामावर. समुद्र नाही, खाडी नाही. नकाशावर बोट ठेवून दाखवलं तर नाखवा म्हणाले, "हितं तर कुठं लावतात?"

निघायच्या सकाळी त्यांनीच आम्हाला पलीकडे नेलं. एस.टी. उभी होती. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. नाखवांनी कनवटीत हात घातला आणि तो रोठा काढून माझ्या उजव्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांत हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, पण अख्खा. मी गोंधळलो. म्हटलं, "मी कुठला गडी, नाखवा?"

"तुला कोण देतोय?" ते खेकसले. "तिकडं एखादा पाय असलेला पोरगा दिसला तर दे. नि दसऱ्याची वाट बघत बसू नको अप्पासारखा." मग तरीकडे वळत, "पत्र टाक. वाचून दाखवायला आता हाय कोण, पण टाक."

पत्रं टाकतो. हुसेनभाई वाचून दाखवतात म्हणे, आणि मधे मधे आपल्या पदरचं घालतात. उत्तर त्यांच्याच अक्षरात येतं. शेवटची ओळ ठरलेली, "नाखवा विचारतात, सुपारी गेली काय?"

नाही गेली, नाखवा. ती माझ्या ट्रंकेत, मुलीच्या बारशाच्या कुंचीत गुंडाळलेली आहे. रोज संध्याकाळी गोदामामागच्या मोकळ्या जागेत इथली मुलं खेळतात आणि मी कुलूप लावून रेषेवर उभा राहतो. एक जण आहे. उंच आहे, परत येतानाची चाल तुमच्या मनासारखी आहे. अजून बघतोय… नाही, चुकलो, तो शब्द मी वापरणार नाही. माझ्यासाठी तुम्ही एक गडी सोडलात. तो मी तुम्हाला भरून देईन. त्याला हाताला धरून आगरदांड्याच्या चिखलात आणून उभा करीन आणि तिथून हाक मारीन. तर तेवढी घेऊन या.