अंतिम सामन्याच्या दिवशी सुदाम वरठा

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी सुदाम लखमा वरठा यांना सप्टेंबरचे मानधन म्हणून सहा हजार सातशे पन्नास रुपये दिले. गुरुवारी पालघरला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, म्हणून प्रवासभत्त्याचा अर्जही मी त्यांच्यापुढे ठेवला. सुदामने पावतीवर सही केली, पेनला टोपण लावून ते परत दिले आणि अर्ज तसाच टेबलावर ठेवून ते निघून गेले.

मी तलासरीतल्या एका महाविद्यालयात लेखा विभागाचा अधीक्षक आहे. राहतो डहाणूला, आणि येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. कबड्डीतले मला फारसे कळत नाही. पण आमच्याकडे ज्यांना कळते त्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातले बहुतेक नाक्यावर चंद्रिकाबेनच्या चहाच्या टपरीवर बसतात.

सुदाम झरीजवळच्या एका पाड्यावरचे. वय सत्तेचाळीस. तरुणपणी गावोगावच्या स्पर्धा खेळले, गुडघा गेला तेव्हा थांबले. सकाळी घोलवडच्या एका वाडीत चिकूतोडणीचे काम करतात आणि दुपारी तीनपासून महाविद्यालयाच्या मैदानावर असतात. आमचे क्रीडा शिक्षक निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच गेली नाही. तेव्हा सुदामची पुतणी आमच्याकडे शिकत होती. तिला न्यायला ते यायचे आणि कुंपणापलीकडून मुलींचा खेळ बघायचे. एक दिवस त्यांना राहवले नाही. आत येऊन त्यांनी एका मुलीला पाय कुठे ठेवायचा ते दाखवले. त्यानंतर त्यांना कोणी बाहेर पाठवले नाही, आणि दोन वर्षांनी प्राचार्यांनी मानधन सुरू केले. मुली त्यांना सर म्हणत नाहीत, सुदाममामा म्हणतात.

त्यांच्या हाताखाली संघ आधी उपांत्यपूर्व फेरीत गेला, मग उपांत्य फेरीत, आणि यंदा पहिल्यांदाच अंतिम सामन्यात. वसई-विरारच्या महाविद्यालयांकडे मॅट आहे, व्यायामशाळा आहे, पगारी प्रशिक्षक आहेत. आमच्या मुलींकडे चुन्याने आखलेली माती आहे. नाक्यावरच्या लोकांना या संघाचे एवढे वेड का, हे यावरून समजेल.

गुरुवारी जीपवाला प्रविण आपल्या काळीपिवळीच्या रोजच्या फेऱ्या सोडून नाक्यावरची माणसे भरून पालघरला घेऊन गेला. मुलींबरोबर आमच्या शितल मॅडम होत्या. त्या वाणिज्य शिकवतात, आणि महिला शिक्षिका सोबत लागते म्हणून दर वेळी त्यांनाच जावे लागते. सुदाम मात्र गेले नाहीत. मध्यंतराला आमचा संघ पाच गुणांनी पुढे होता. नंतर डाव्या कोपऱ्याला खेळणारी दक्षा दोनदा बाद झाली, समोरची चढाईपटू प्रत्येक चढाईत बोनस रेषा ओलांडून एकेक गुण नेत राहिली, आणि आम्ही एकतीस-एकोणतीस असे हरलो.

दुसऱ्या दिवशी वाघबारस होती. पाड्यांवर वाघदेवाचे काम असल्याने टपरी दिवसभर ओस होती. वादाला तोंड फुटले शनिवारी. मी सकाळी एसटीतून उतरून चहाला थांबलो, तेव्हा प्रविण मोबाईलवर सामना पुन्हा पुन्हा लावत होता आणि त्याच्याभोवती गर्दी होती.

बोलण्यात नितीन पुढे होता. नितीन उंबरगावच्या एका कंपनीत पाळीवर जातो. तो स्वतः चांगला खेळायचा, आणि मागच्या वर्षी सुट्टी काढून प्रशिक्षकाचा सहा आठवड्यांचा कोर्स करून आला आहे. त्याचा मुद्दा सरळ होता. बोनस जातोय हे दिसत असताना टाइम-आऊट घ्यायचा, मुलींना जवळ बोलावायचे, कोपरे पुढे आणायचे. दुसऱ्या डावातले दोन्ही टाइम-आऊट तसेच राहिले.

"कोण घेणार टाइम-आऊट?" प्रविण म्हणाला. "शितल मॅडम? त्यांना वाटलं जेवणाची सुट्टी मागायची असते."

सगळे हसले. चंद्रिकाबेन कपबशा विसळता विसळता म्हणाल्या, "मॅडमला काय बोलतो रे? तू तरी काय केलंस तिकडे? बोंबलत बसला असशील."

"बोंबललो म्हणून तर एकोणतीस झाले, बेन. नाहीतर वीसवरच आटपलं असतं."

मग गाडी सुदामवर आली. कोणी म्हणाले, माणूस मातीतला आहे, मॅटवर त्याचे काही चालत नाही, हे माहीत होते म्हणून तोंड लपवले. कोणी म्हणाले, वाघबारशीच्या आदल्या दिवशी ताडी जरा जास्त झाली असेल. यावर एका म्हाताऱ्याने, सुदामने ताडी सोडून किती वर्षे झाली ते सांगायला सुरुवात केली, पण त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्या वर्षाचीही चर्चा झाली. संघातल्या तिघी शेवटच्या वर्षाला आहेत. त्या गेल्या की खाली कोण? चढाईला एक पोरगी आहे, पण ती बारावीनंतर वापीला कामाला लागणार म्हणतात. नितीन म्हणाला की आताच नीट हातात घेतले नाही तर दोन वर्षांनी संघच राहणार नाही. तो हे तळमळीने म्हणाला. त्याला प्रशिक्षकाची जागा हवी होती हेही खरे, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

सोमवारी ही चर्चा संस्थेच्या एका सदस्यापर्यंत पोहोचली होती. प्रशिक्षक अंतिम सामन्याला गैरहजर का, याचा खुलासा प्राचार्यांनी माझ्याकडून मागवला, कारण मानधनाचे काम माझ्याकडे आहे. मी सुदामला बोलावून घेतले. ते आले आणि खुर्ची असूनही उभे राहिले. मी दोनदा सांगितल्यावर बसले.

"गुरुवारी कुठे होता, सुदामभाऊ?"

"भात कापत होतो."

"स्वतःचं?"

"नाय. जानीचं."

जानी कोण, हे मला माहीत नव्हते. मग त्यांनी सांगितले ते असे. दक्षाच्या पाड्यावर पाच घरे मिळून कापणी करतात. आज या घरच्या शेतावर, उद्या त्या. प्रत्येक घराने दुसऱ्याकडे एक माणूस द्यायचा, तेवढाच परत येतो. दक्षाचा बाप काकड्या खलाशी म्हणून बोटीवर गेला आहे, तो होळीशिवाय येत नाही. घरी आई रखमी आणि दक्षा. रखमीचा पाय सुजलेला, म्हणून यंदा घरचा माणूस म्हणजे दक्षाच. गुरुवारी पाळी जानीची होती. शुक्रवारी वाघबारस, काम बंद. आकाशात ढग आणि भात पिकून वाकलेले, म्हणजे पाळी पुढे ढकलायलाही जागा नव्हती. दक्षा पालघरला गेली असती तर जानीकडे रखमीचा माणूस कमी पडला असता, आणि रखमीच्या पाळीला जानीने माणूस दिला नसता. रखमीने दक्षाला सांगितले होते, सामना राहू दे.

"म्हणून तुम्ही गेलात."

"डावा कोपरा नाय तर सामना नाय, साहेब."

मी त्यांना म्हणालो की चारशे-पाचशे रुपये देऊन एक मजूर पाठवता आला असता, मी स्वतः दिले असते.

"मजूर पाठवला तर घरचा माणूस आला असं धरत नाहीत," ते म्हणाले. "ओळखीचा हात लागतो. मी रखमीच्या माहेरचा. मला धरलं."

त्यांचे गणित असे की सामना तर मुली खेळणार, आणि सगळे त्यांना बुधवारी समजावून झाले आहे. टाइम-आऊट केव्हा घ्यायचा तेही कर्णधाराला सांगितले होते. ती पोरगी गोंधळली आणि विसरली. इथे सुदामचा हिशेब चुकला हे मी मान्य करतो. शिकवलेले ऐन वेळी आठवत नाही म्हणूनच प्रशिक्षक बाकावर बसवतात. सुदामनाही ते कळले होते, कारण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

दक्षाला यातले काही ठाऊक नव्हते. रखमीने तिला सांगितले की माणसाची सोय झाली आहे, तू जा. मामा पालघरला थेट येतील, असेच मुली धरून चालल्या होत्या. सुदामने मलाही विनवले की हे लिहू नका. मुलीला कळले तर खेळ सोडून देईल, आणि बाकीच्या मुलींच्या घरी कळले तर प्रत्येक घर म्हणेल, आमच्याकडेही सर पाठवा. मी खुलाशात "वैयक्तिक अडचण" एवढेच लिहिले.

संस्थेच्या मंडळाची बैठक झाली. वैयक्तिक अडचण कोणती, असे कोणी विचारले नाही. एक नोव्हेंबरपासून त्याच मानधनावर नितीनची नेमणूक झाली. सुदामची इच्छा असल्यास विनामानधन साहाय्य करावे, असेही ठरले. आदेश मीच टंकलिहून सहीला ठेवला.

गुपित मात्र पाड्यात राहत नाही. दिवाळीनंतर महाविद्यालय उघडले, त्या दिवशी दुपारी मी टपरीवर होतो. प्रविण नितीनचे अभिनंदन करत होता आणि आता संघाला बरे दिवस येणार, असे सांगत होता. तेवढ्यात दक्षा आली. अंगावर महाविद्यालयाची जर्सी, हातात पिशवी. ती मुलगी एरवी टपरीवर थांबत नाही. ती नितीनशी काही बोलली नाही, प्रविणपुढे जाऊन उभी राहिली.

"प्रविणदादा, मामा ताडी पिऊन पडले होते असं तुम्ही बोललात?"

"मी नाय बोललो. बोलत होते लोक."

"ते माझ्या जागी कापणीला होते. जानीकाकूच्या शेतावर. त्यांनी विळा धरला म्हणून तुम्हाला माझी पकड बघायला मिळाली."

 चंद्रिकाबेनने गॅस बारीक केला. प्रविण म्हणाला, "मग सांगायचं ना त्याने. आम्ही एक माणूस दिला असता. हा गण्या तसाही जीपमध्ये झोपूनच आला."

"तुम्ही सगळे पालघरला होतात," दक्षा म्हणाली.

हे खरेच होते. ज्यांचे हात पाड्यावर धरले गेले असते, ते सगळे प्रविणच्या जीपमधून सामना बघायला गेले होते. प्रविणने मोबाईल खिशात ठेवला. नितीन उठून दक्षाला म्हणाला की त्याला यातले काही माहीत नव्हते, तिने मैदानावर यावे, त्याच्यावरचा राग खेळावर काढू नये. ती म्हणाली, "बघू," आणि मैदानाकडे न जाता झरीच्या रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कारण चांगले आहे, ते म्हणाले, पण अंतिम सामन्याला प्रशिक्षक नव्हता ही गोष्ट त्याने बदलत नाही, आणि नवा माणूस रुजू झाला आहे.  

त्या रविवारी मी घोलवडला एका नातेवाइकाकडे गेलो होतो, तेव्हा सुदामच्या वाडीवर गेलो. ते झाडाखाली चिकू निवडत बसले होते. कागद निघाल्याचे त्यांना कळले होते. ते नितीनबद्दल वाईट बोलले नाहीत. त्याला मॅट कळते, मला नाही, ते म्हणाले. मग एक चिकू बाजूला टाकून म्हणाले, "फक्त त्याला एवढं विचारा साहेब, मुली शेतावरून कोण आणणार."

मी विचारले की गेली इतकी वर्षे ते हेच करत होते का. ते म्हणाले, दर कापणीला एखाद्या घरी जावे लागते. पण सामन्याच्याच दिवशी यंदा पहिल्यांदा आले.

दक्षा आठवडाभर आली नाही. सुदाम स्वतः तिच्या घरी जाऊन बोलले, तेव्हा ती पुन्हा मैदानावर येऊ लागली. नितीनचे सांगणे ती ऐकते, पण त्याला सर म्हणते. संघातल्या दोघी भाताच्या झोडणीमुळे अजून आलेल्या नाहीत. नितीन त्यांच्या घरी फोन लावतो. फोन लागत नाही, कारण त्या पाड्यावर रेंज नाही. मुलींच्या घरांचे पत्ते घ्यायला तो माझ्याकडे आला होता. नोंदीत गावाचे नाव असते, पाड्याचे घर नसते. सुदामना विचारा, असे मी त्याला सांगितले. विचारीन म्हणाला. अजून गेलेला नाही. नाक्यावर सध्या असा वाद आहे की पुढच्या हंगामात संघ उतरेल की नाही, आणि प्रविण पैज लावायला कोणाला सापडत नाही.

रखमीचे भात पाऊस यायच्या आत घरी आले. जानीने तिच्याकडे पूर्ण दिवस माणूस पाठवला, पण हिशेब सोडला नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी शितल मॅडमचा फोन लागावा म्हणून सुदाम विळा ठेवून टेकडीवर चढले होते. गोंगाटात मॅडमना त्यांचे बोलणे ऐकू जात नव्हते; फोनवर कानी येईल तेवढा सामना ऐकत शेवटचा गुण जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले आणि नंतर शेतावर परतलेच नाहीत. रखमीकडून तो अर्धा दिवस नको, ज्याने काम सोडले त्यानेच तो द्यावा, असे जानीचे म्हणणे आहे आणि सुदामना ते मान्य आहे.

यंदाची कापणी संपली. जानीच्या शेतावरचा अर्धा दिवस सुदामकडून अजून येणे आहे.