मेनच्या नंतरचा ॲडव्हान्स

आमच्या सडक अर्जुनीत ॲडव्हान्स आधी असतो आणि मेन काम नंतर. माझे बाबा लग्नाचे मांडव टाकतात, त्यामुळे घरात हा क्रम पक्का. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची 'मेन' परीक्षा पास झाल्यावर मी सांगितलं, की मोठ्या सरकारी कॉलेजांसाठी आता नागपूरला 'ॲडव्हान्स' द्यायची आहे. बाबांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"मेन झाली ना? मंग ॲडव्हान्स आता कायचा?"

"ती मेनपेक्षा कठीण असते, बाबा."

"कठीण हाये, तं तिलेच मेन काऊन नाही म्हनत?"

 

बाबांना वाटलं, मी नापास झाले आणि आता गोष्टी रचते. निकालाचा कागद दाखवला, तर म्हणाले, "कागदाचं काय, झेरॉक्सवाला कोनताही काढून देते." आईला हळूच विचारलं, "पोरगी काही लपवून तं नाही राहिली?" मी ते ऐकलं. असा राग आला, की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एवढा अभ्यास करून वर चोर मीच!

पण संशय मलाही होता, या पुढच्या पेपरचा. मेनचा पेपर सोपा गेला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. क्लासचे सर म्हणायचे, "ॲडव्हान्स म्हणजे मेनचाच मोठा भाऊ, घाबरू नका." हे सांगताना ते आमच्याकडे बघत नसत.

शेवटी बाबा म्हणाले, "मी संगं येतो. पेपर हाये का नाही, डोऱ्यानंच पाहतो."

ऐन मे महिन्यात, एका लग्नाचा मांडव दुसऱ्याच्या हवाली करून ते आले. सेंटरच्या गेटवर त्यांनी चौकीदाराला गाठलं. "ये मेन के बाद वालाच है ना?"

"हाँ काका, असली वाला यही है."

 बाबा माझी पाण्याची बाटली धरून कडुनिंबाखाली जाऊन बसले.

आत माझी पार दाणादाण उडाली. मेनमध्ये चार पर्यायांत एकच खरा असायचा. इथे दोन खरे, तीन खरे, कधी चारही. मला तर एकही खरा वाटेना. दुपारचा दुसरा पेपर त्याहून वाईट गेला.

बाहेर आले, तर बाबा सकाळच्याच जागी. शर्ट घामानं भिजलेला. लगबगीनं उठले.

"कसा गेला वं?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि भीती वाटली. आत्ता कुठे या माणसानं विश्वास ठेवला होता.

"सोपा होता," मी म्हणाले. "मेनसारखाच."

त्यांनी लगेच आईला फोन लावला. "सोपा गेला म्हनते," ते मोठ्यानं सांगत होते. "नाही वं, आता कायचा संशय? आपली पोरगी खोटं नाही बोलत."