सासूबाईंच्या पायांचं पाणी

सगळे त्यांना नोंदवाल्या बाई म्हणत. गावाजवळच्या भूकंप-नोंद केंद्राच्या आवारात दोन ठिकाणी शिशाचे पत्रे पुरलेले होते. जमिनीतली वीज त्यांच्यातून यंत्रापर्यंत येई आणि कागदावर रेघ उमटे. भूकंपाआधी ही रेघ उसळत असावी, असा शहरातल्या कचेरीतल्या साहेबांचा अंदाज. खात्री त्यांनाही नव्हती. बाई रोज कागद बदलत आणि समासात लिहीत: शेजारचा पंप सुरू, कोपऱ्यावर वेल्डिंग. अशानंही रेघ हलते.

नवऱ्यामागे ही नोकरी आणि आवारातलं घर बाईंना मिळालं. "घर मी बघते, तू तुझी रेघ बघ," सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही नातवंडं त्यांनीच वाढवली.

एकोणीस वर्षांनी रेघ रोज सकाळी सातला उसळू लागली. पंप बंद, वेल्डर गावाला गेलेला. बाईंनी साहेबांना कळवलं. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "बाई, दुपारी इशारा देतोय. तिथलं हॉस्पिटल रिकामं करावं लागेल."

बाई घरामागे पुरलेल्या पत्र्यापाशी गेल्या. माती ओली, वर मिठाची पांढरी साय.

"आई, इथे पाणी कोण ओततं?"

"मी. चार दिवस झाले, टाचा ठणकतात म्हणून सकाळी मिठाच्या पाण्यात पाय शेकते. एवढं घमेलं मोरीपर्यंत कोण नेणार? का गं, तुझ्या जमिनीला खारट लागलं?"

बाईंनी तिथेच तांब्याभर मीठपाणी ओतलं आणि आत धावल्या. रेघ उसळली होती. साऱ्या गल्लीची नोंद ठेवली, घरचीच राहिली! नोकरी जाईल, हे मनात आलं. तरी त्यांनी साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तर मी आजारी माणसं खाटांसकट रस्त्यावर आणली असती. फार उपकार झाले."

"कसले उपकार, साहेब? चूक माझीच."

"मग समासात लिहा."

बाईंनी लिहिलं: सात वाजता, सासूबाईंचे पाय.

"भूकंप आणला म्हण की मी!" सासूबाई खूश झाल्या. "आता तरी टाचांना औषध आणशील."

औषध त्याच संध्याकाळी आलं. टाचा चार दिवस ठणकत होत्या आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे बाईंना फार लागलं. याच टाचांवर त्यांचं घर एकोणीस वर्षं उभं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी त्यांनीच तापवलं, सासूबाईंचे पाय पुसले आणि घमेलं मोरीवर नेऊन रिकामं केलं. सात वाजता रेघ सरळ होती.