छोटी ताटली

शेडमध्ये त्याला सगळे 'वरचा' म्हणत. लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या उचलणारी क्रेन छताखालून रुळांवर सरकायची, आणि तिला टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये हा बसायचा. खाली हुकाला साखळ्या अडकवून हाताने इशारे करणारा तो 'खालचा'. वर्षानुवर्षांची जोडी. दोघंही भांडकुदळ, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

त्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी वरच्याच्या दंडाला पट्टा आवळला, काट्यावर उभं केलं आणि तोंड वाकडं केलं. "रक्तदाब वाढलाय, वजन वाढलंय. तुम्ही वर असताना चक्कर आली तर खालचा माणूस जाईल. पुढच्या तपासणीपर्यंत दोन्ही खाली आणा, नाहीतर केबिन बंद. स्टोअरमध्ये बसा."

स्टोअर म्हणजे हातमोजे आणि नटबोल्ट वाटण्याचं काउंटर, आणि तिथला मुख्य कोण, तर वरच्याचा सख्खा साडू. साडूच्या हाताखाली बसण्यापेक्षा वरचा रस्ते झाडायला गेला असता. केबिन हीच त्याची एकुलती एक इस्टेट होती. घरात त्याचं कोणी ऐकत नसे, पण वर बसून त्याने दांडा ओढला की वीस टन लोखंड निमूट ऐकायचं.

तर ही केबिन वाचवायची कशी? उपाय मिळाला न्हाव्याच्या दुकानात, टीव्हीवर. फ्रेंच लोक लोणी खातात, चीज खातात, आणि तरी काटकुळे राहतात. का? तर छोट्या ताटलीत, टेबलाशी बसून, सावकाश, एकदाच वाढून घेतात. दोन जेवणांच्या मधे दाताला काही लागू देत नाहीत, आणि पोटात थोडी जागा असतानाच उठतात. अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत वरच्याने हे सगळं ऐकलं आणि मनात पक्कं केलं. दुसरा कोणी असता तर चार दिवसांत विसरला असता. पण हा पडला हेकट, धरलं की सोडत नाही.

येताना त्याने एक चिनीमातीची छोटी ताटली, काटा, सुरी आणि कापडी रुमाल आणला. बायकोने ताटली उलटीसुलटी करून पाहिली.

"ही कोणासाठी? मांजर आणताय का घरी?"

"आजपासून मी यात जेवणार. आधी पाला, मग भाजी आणि पावाचा एक तुकडा, शेवटी नखाएवढं चीज. दुसऱ्यांदा वाढायचं नाही."

"आणि मी पातेलंभर रांधते ते कोणाच्या डोंबलावर घालू?"

"कमी रांध."

एवढं बोलून गप्प बसावं की नाही? नाही. बायकोच्या रश्श्यावर बोटभर तेल असतं आणि त्यानेच आपली ही गत झाली, हेही त्याने ऐकवलं. झालं, आगीत तेल पडलं. तीस वर्षं बोटं चाटून खाल्लेल्या रश्श्याचा हा हिशेब ऐकून ती बाई जी तडकली, ती तडकलीच. तिने कमी रांधलं, पण ताटली त्याच्यापुढे आदळायची ती अशी की काटा उडून खाली पडावा. हा तो उचलायचा, पुसायचा आणि भिंतीकडे तोंड करून एकेक घास बत्तीस वेळा चावायचा.

"ते फ्रेंच लोक तास तास जेवतात म्हणे," ती एकदा म्हणाली. "मग जेवताना माणसांशी बोलत तरी असतील. तुम्ही तर तुरुंगात जेवल्यासारखे जेवता."

"बोलायला माणूस बरं असावं लागतं," वरचा म्हणाला. त्या रात्री ताटलीही आली नाही. काय करणार, तोंडानेच घात केला.

पण घरचं भांडण घरात राहतं. खरा राडा शेडमध्ये झाला.

त्या शेडची एक रीत होती. क्रेनवाला आणि त्याचा इशारेवाला एका डब्यात जेवायचे. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण प्रत्येक जोडी ते पाळायची. सकाळी भांडले, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तरी दुपारच्या भोंग्याला डबा मधे ठेवून दोघांचे हात त्यात. एक दिवस हा आणणार, एक दिवस तो. खालच्याची बहीण मटण असं करायची की झाकण उघडलं की दुसऱ्या टोकाचे वेल्डर मान वळवायचे. त्या मटणावर वरचा अर्धं आयुष्य पोसला होता.

पहिल्या दिवशी खालच्याने डबा उघडून पुढे सरकवला. वरच्याने रुमाल गळ्यात खोचला, पिशवीतून ताटली काढली आणि थोडा लांब, खोक्यावर जाऊन बसला.

"हे काय?" खालचा म्हणाला.

"माझं वेगळं. तुझ्या त्या चरबीपायी मला स्टोअरमध्ये जायचं नाही."

जवळचे चारजण हसले. खालचा हसला नाही. त्याने डबा थोडा आणखी पुढे सरकवला. "एक घास घे. रीत म्हणून घे."

"एक नाही नि अर्धा नाही. नियम म्हणजे नियम."

आता सांगा, एक घास घेतला असता तर फ्रान्स बुडणार होतं का? पण हट्टाला डोळे नसतात. खालच्याने झाकण लावलं आणि त्या दिवशी तोही जेवला नाही.

मग जे सुरू झालं त्याला वैर हाच शब्द. शेडने वरच्याचं नाव 'मोस्यू', म्हणजे फ्रेंच साहेब, ठेवलं. कोणी त्याच्या सुरीला ग्रीस फासलं, कोणी ताटलीत वॉशर वाढून ठेवले. फोरमन येताजाता विचारायचा, "मोस्यू, आज चीज कुठल्या गावचं?" वरचा प्रत्येकाला शिवी हासडायचा आणि पुन्हा चावायला लागायचा. उपाशी माणूस आधीच चिडका, त्यात हा. केबिनमधून तो खालच्यावर ओरडायचा, "हात नीट दाखव, का तोही मटणात बुडवून ठेवलायस?" खालचा उत्तर द्यायचा नाही. तो फक्त दूर उभा राहायला लागला. पूर्वी गुंडाळी उतरताना तिला तळहात लावून जागेवर आणायचा. आता भिंतीला पाठ लावून, जेवढ्यास तेवढे इशारे. गुंडाळ्या वाकड्या बसायला लागल्या, एक तर लाकडी ठोकळे फोडून घरंगळली. फोरमनने दोघांची खरडपट्टी काढली. वरच्याने सगळं खालच्यावर ढकललं.

"फुगून बसलाय. मटण खाल्लं नाही म्हणून रुसतो का कोणी? बाईमाणूस आहे का?" हे तो सगळ्यांसमोर बोलला.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. काट्यावर दोनदा उभं केलं. मग पहिल्यांदाच हसल्या. "केलंत की. असंच सांभाळा. केबिन तुमचीच." वरचा मुद्दाम स्टोअरवरून गेला. साडूकडे नवे हातमोजे मागितले आणि ते त्याच्यासमोर सावकाश, एकेक बोट ओढत घातले. जिंकल्यावर माणसाने एवढं तरी करावं.

शेडमध्ये आला तर हुकाखाली एक नवाच गडी. गळ्यात शिट्टी, हातात नियमांप्रमाणे दोन झेंड्या.

"खालचा कुठे?"

"त्यांनी बदली मागून घेतली. पलीकडच्या शेडला, तिसऱ्या क्रेनवर."

वरचा दुपारी ताटली न घेताच पलीकडे गेला. तिसऱ्या क्रेनचा ऑपरेटर आणि खालचा, दोघांच्या मधे डबा, दोघांचे हात त्यात. ऑपरेटरने याला पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेला.

"पास झालो," वरचा म्हणाला.

"कळलं. बरं झालं."

"मग आता कशाला हे नाटक? चल परत. एवढा राग धरायचा असतो का?"

"राग कोणाला आलाय?"

वरचा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने डब्याकडे हात नेला. खालच्याने डबा आपल्या मांडीकडे ओढून घेतला. त्यात जोर नव्हता. वरच्याचा हात तसाच राहिला.

"मग झालं तरी काय?"

खालच्याने बोटं पुसली.

"तुझी गुंडाळी माझ्या डोक्यावरून जाते," तो म्हणाला. "इतकी वर्षं ती जाताना मी कधी वर बघितलं नाही. माझ्यासोबत जेवून गेलेला माणूस वर बसलाय, हे मला पुरे होतं. तू वेगळा बसायला लागलास, वरून मला शिव्या घालायला लागलास, आणि मी वर बघायला लागलो. रोज. बहिणीला विचार, घरी गेल्यावर मला घास उतरायचा नाही. मला राग नव्हता आला. मला तुझी भीती वाटत होती."

वीस टन उचलताना आजवर आपल्या हातून एकाचंही नख दुखावलं नाही, हे सांगायला वरच्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी घेऊन ऑपरेटर आला, तसा वरचा ऑपरेटरच्या जागेवरून उठला.