फ्लेक्स माझा, इंग्रजी तिचं

विश्रामबागेतल्या आमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मॅडमनी बोलायला विषय दिला, कोरियन पॉप कल्चरमधले ट्रेंड, तेव्हा मला वाटलं, देव पावला. मेढ्याहून सांगलीला शिकायला आल्यापासून मी कोरियन गाण्यांवर आणि मालिकांवरच जगत होते. कुठल्या ग्रुपमध्ये कोण नाचतं, कुणी केस कधी रंगवले, सगळं तोंडपाठ. आणि क्लासमधून एकच जण साताऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेला जाणार होता. साताऱ्याला म्हणजे जवळच्या मेढ्याहून आबांना, माझ्या वडिलांना, ऐकायला येता आलं असतं. फौजेत इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांपुढे आबा जन्मभर गप्प उभे राहिले. आपल्या पोरीनं चार माणसांत इंग्रजी बोलावं, एवढी एकच हौस त्यांना होती.

अडचण अशी की माझं सगळं तोंडपाठ होतं ते मराठीत. म्हणून मी क्लासमधल्या मैत्रिणीला धरलं. ती माधवनगरची, वडिलांचं कापडाचं दुकान, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. कोरियातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मी तिला माहिती द्यायची, तिनं मला शब्द द्यायचे, असं ठरलं. लाडक्या गायकाला बायस म्हणतात आणि तो कुठंही गेलेला नसला तरी नवं गाणं काढलं की त्याचा कमबॅक होतो, एवढं मला येत होतं. पण पुढं इन्फ्लुअन्स आला, ऑब्सेशन आलं, आणि फिनॉमिनन तर माझ्या दातांत अडकूनच बसायचा. ती मात्र चहात खारी बुडवता बुडवता तो शब्द असा सहज बोलायची की तिच्या हातातली खारी हिसकावून घ्यावीशी वाटायची.

एकदा चहाच्या गाड्यासमोर कुणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. वर गॉगल लावलेले दादा, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. मी म्हटलं, "अगं, कोरियात पण हेच चालतं! गायकाचा वाढदिवस आला की चाहते वर्गणी काढून स्टेशनात बोर्ड लावतात. फक्त बिचारे खाली स्वतःचे फोटो छापत नाहीत." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

निवडीच्या दिवशी तिचा नंबर माझ्या आधी होता. तिनं सुरुवातच फ्लेक्सपासून केली. दादा, वर्गणी, शुभेच्छुकांची मुंडकी, सगळं झुळझुळीत इंग्रजीत. पोरांनी बाकं बडवली, मॅडम डोळे पुसत हसल्या. मग मी उभी राहिले. फ्लेक्स तर गेलाच होता. मी फिनॉमिननपाशी अडखळले आणि थँक यू म्हणून खाली बसले.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "ते माझं होतं."

ती खरंच गोंधळली. "अगं, तूच तर सांगितलेलंस. मी नुसतं इंग्रजी केलं."

नुसतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या नुसत्यासाठीच तर मी जीव काढत होते.

माझी निवड झाली नाही, मैत्रिणीची झाली, येऊ नका, असं आबांना फोनवर सांगितलं होतं. तरी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून साताऱ्यात हजर. म्हणाले, "मैत्रीण तर तुझीच हाय न्हवं?" आम्ही पुढच्या रांगेत बसलो. तिनं फ्लेक्सचा विषय काढला आणि सभागृह हसायला लागलं. आबा माझ्याकडं वाकले. "काय म्हनली गं ती?"

मी त्यांच्या कानात सगळं मराठीत सांगितलं. माझंच वाक्य, चहाच्या गाड्यावर जसं सुचलं होतं तसं. आबा एवढ्यानं हसले की मागची माणसं बघायला लागली. हे मला सुचलेलं, असं आता म्हणणं म्हणजे रडीचा डाव झाला असता.

"लय डोकं हाय गं पोरीला," आबा म्हणाले. "नुसतं इंग्रजी येऊन काय व्हतंय? आसलं सुचाय लागतं."

"व्हय, आबा," मी म्हटलं, आणि तिचं पुढचं वाक्य त्यांना मराठीत सांगायला लागले.