निर्मलाबाईंचे तसराळे

डॉ. निर्मलाबाई खानझोडे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी स्तुती केली तर ती कुणाला खुशामत वाटायची नाही.

आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुण्याच्या कामावर लागलो तेव्हा माझे शिक्षण नववीपर्यंत झाले होते. पुढचे सारे मी शब्दकोश मांडीवर घेऊन जुन्या पुस्तकांतून शिकलो आणि जंतू वाढवून ओळखण्याच्या टेबलापर्यंत पोचलो. सत्तरचे दशक सरत आले होते. बाई बालरोग विभागात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. एके सकाळी त्यांच्या वॉर्डातून तपासणीसाठी रक्ताची बाटली आली. चिठ्ठीवर नाव होते, तारीख होती, वेळ नव्हती. मी उलटा निरोप धाडला, ‘रक्त कधी काढले ते लिहा, मग तपासणीला लावतो.’ पाच मिनिटांत बाई स्वतः जिना उतरून आल्या.

“बाटली कोणी अडवली?”

“मी. वानखडे.”

“बाळ तापानं फणफणलंय आणि तुम्हाला वेळ हवी?”

“बाई, बाटली तासभर उन्हात पडली की लगेच आली, हे मला कसं कळावं? मग उत्तर चुकलं तर म्हणाल वानखडे चुकला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खिशातले पेन काढून वेळ लिहिली आणि खाली सही केली. “आता?”

“आता लावतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वॉर्डातल्या प्रत्येक चिठ्ठीवर वेळ येऊ लागली. आजही येते.

बाईंचे विद्यार्थी आज गावोगाव दवाखाने चालवतात आणि त्यांच्या हातगुणाविषयी या गौरवग्रंथात ते लिहितीलच. मी माझ्यापुरते सांगतो. एकदा एक नवा हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, टेबलाशी येऊन मला “ए, रिपोर्ट दे” म्हणाला. बाई मागेच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, बाहेर जा, दार वाजवा आणि ‘अहो वानखडे’ म्हणत आत या.” तो गेला आणि तसाच आला. मला पदवी नाही. पण सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर मी बसलेला असताना बाईंनी मला कधी उठवले नाही. स्वतः उभ्या राहून त्या माझ्या खांद्यावरून विचारायच्या, “काय दिसतंय?”

ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हेच लिहिणार होतो. बाईंना विचारायला गेलो, तर म्हणाल्या, “तसराळ्याचं लिहिणार असाल तर लिहा. नाहीतर माझ्या नावाचा कागद फुकट घालवू नका.” म्हणून लिहितो. लिहिताना स्वस्थ वाटत नाही.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या नवजात बालकांच्या खोलीत मुले अचानक खालावू लागली. सकाळी दूध ओढणारे बाळ दुपारी ओढेनासे व्हायचे, अंग गार पडायचे, पोट फुगायचे. रक्त माझ्याकडे यायचे आणि रात्रभर उबेत ठेवलेल्या काचेच्या तबकडीवर तीच वाढ दिसायची: गुलाबी, चिकट, तारेने उचलली तर लाळेसारखी लांबणारी. एकाच जंतूने खोलीत ठाण मांडले होते.

कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यासाठी आम्ही औषधात भिजवून वाळवलेल्या कागदी चकत्या तबकडीवर ठेवतो. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडे उमटते. विकतच्या चकत्या परवडत नसत. मी ऑफिसच्या पंचिंग मशीनने फिल्टर पेपरच्या चकत्या पाडून प्रयोगशाळेतच तयार करीत असे. त्या दिवसांत अँपिसिलिनभोवती कडे उमटले नाही. जेंटामायसिनवर साऱ्या खोलीची भिस्त होती, त्याच्याही चकतीच्या काठापर्यंत वाढ जाऊन भिडली.

“पंचिंग मशीनच्या चकत्या,” वॉर्डातला हाउसमन हसून म्हणाला. “फायलींना भोकं पाडायची सोडून.”

मला ते लागले. बाईंनी वाद घातला नाही. “तुमच्याकडे या औषधांनी मरणारा जुना जंतू साठवलेला आहे ना? याच चकत्या त्याच्यावर ठेवा.” मी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती नितळ कडे. चकत्या ठीक होत्या, जंतू बदलला होता. माझी अब्रू राहिली खरी, पण बाईंनी तबकडी उचलून उजेडात धरली. “वानखडे, तुम्ही चुकला असतात तर बरं झालं असतं,” एवढेच म्हणाल्या.

औषध चालेना. मग जंतू येतो कुठून ते शोधून त्याची वाट बंद करणे, एवढाच उपाय उरला. मी खोलीतली एकेक वस्तू कापसाच्या बोळ्याने पुसून तपासू लागलो. काचेच्या पेट्या, घशातला चिकटा ओढण्याची नळी, प्राणवायूच्या बाटलीतले पाणी, वाटी-चमचे, तराजूचे तबक, दाराची मूठ. कशातच तो सापडेना. इकडे मुले दगावत होती; हिंगणीच्या शेवंताचेही बाळ गेले. ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, पहिलटकरीण.

सापडला तो माझ्या तोऱ्यामुळे. हाउसमन म्हणाला, “वानखडे, जंतू तुमच्याच बोटांवर असेल.” मी चिडलो. एका तबकडीवर नुसती पाच बोटे दाबली. मग नियमाप्रमाणे दाराशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या तसराळ्यात हात बुडवले आणि तीच बोटे दुसऱ्या तबकडीवर दाबली. दुसरी तबकडी कोरी निघणार आणि ती मी त्याच्या नाकासमोर धरणार, असा बेत होता. सकाळी पाहतो तो पहिलीवर किरकोळ चार ठिपके. दुसरीवर माझी पाचही बोटे गुलाबी, चिकट उमटलेली.

ते तसराळे म्हणजे एनॅमलचा मुलामा दिलेले पांढरे, पसरट भांडे. खोलीत शिरणाऱ्याने जंतुनाशकाच्या पाण्यात हात बुडवल्याशिवाय बाळाला शिवू नये, हा नियम बाईंनी घातला होता. सारे त्याला बाईंचे तसराळे म्हणत. आता आमच्या रुग्णालयाची रीत अशी की काही वाया घालवायचे नाही. पट्ट्या धुऊन वापरू, पाकिटे उलटी करून लिहू. पाणी खाली गेले की सिस्टर त्यात लोटाभर पाणी आणि झाकणभर औषध घालीत. ओतून, घासून नव्याने भरायचे कुणाच्या मनातच आले नाही. औषध पातळ होत गेले आणि जंतू त्यातच राहायला शिकला. मी साऱ्या खोलीचे बोळे घेतले, तसराळ्याचा घेतला नाही. औषधात जंतू कसा असेल? हे मी शिकलेले सारे गाठीशी असताना केले.

दोन्ही तबकड्या मी बाईंपुढे ठेवल्या. “बाई, तसराळ्यात आहे.”

“पाणी तबकडीवर लावून पाहिलंत?”

“आज लावतो.”

“लावा. वेळ लिहा.”

पाण्यातही तोच निघाला. सकाळच्या राउंडला बाईंनी ते तसराळे स्वतः उचलून मोरीत ओतले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हे मी आणलं होतं. सिस्टरांना कोणी बोलायचं नाही.” त्या दिवसापासून साबण, तोटीची बादली आणि वाहते पाणी. हळूहळू खोली शांत झाली. बाई मात्र झाल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात शेवंताचा नवरा नामदेव बाळाच्या मृत्यूचा दाखला न्यायला आला. जाताना दाराशी घुटमळला. “बाई, मायनं तिले माहेरी धाडाचं ठरोलं. म्हणते, हिच्या दुधातच खोट हाये. गावात बी तेच बोलून राह्यले.”

रविवारी बाई एसटीने हिंगणीला निघाल्या. मला म्हणाल्या, “वही घ्या. तबकडीचं चित्र काढलंय ना तुम्ही?” मी काढले होते, रंगासकट.

सासू ओसरीवर तूर पाखडत होती. बाई खालीच बसल्या. “आजी, सुनेचं दूध चांगलं होतं. दोष आमच्याकडे. मी ठेवलेल्या पाण्यात जंतू झाले, ते हातांनी लेकराला लागले.”

सासूने सूप थांबवले. “तिच्या बापानं पढवलं काय तुमाले?”

“मी तिच्या बापाला पाहिलंसुद्धा नाही.”

“अन् हा कोन?”

“हे जंतू ओळखतात.”

“मंग तवा काऊन नाई ओळखला?”

मी वही उघडली. म्हातारीने पाच गुलाबी बोटे न्याहाळली आणि म्हणाली, “हात तं तुयाच दिसते.” मी हो म्हटले.

शेवंता दारात उभी होती. तिने पहिल्यांदाच तोंड उघडले. “मी बी त्यातच हात बुडवून त्याले घेत होती. दोन-दोन डाव बुडवत होती.”

मला वाटले, बाई आता काहीतरी मऊ बोलतील. त्या म्हणाल्या, “हो. मी सांगितलं म्हणून बुडवलेस.”

शेवंता आत गेली नाही, रडली नाही. बाईंकडे बघत राहिली. बाईंनीही नजर काढली नाही. शेवटी म्हातारी सूप बाजूला सारून म्हणाली, “उभी काऊन हायेस? जाय, चाय मांड. अन् त्या गाठोड्यातले लुगडे काढून दांडीवर टाक.” ती माहेरी गेली नाही.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, “झालं बाई.” त्या म्हणाल्या, “बाकीची घरं?” मग रविवारमागून रविवार आम्ही हिंडलो. देवळीला एका घरी बाईंना शिव्या पडल्या, त्या त्यांनी उभ्याने ऐकल्या. रोहण्याच्या एका घराने दार उघडले नाही.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. मी जेंटामायसिननंतरच्या नव्या औषधाच्या चकत्या लावतो. त्यांच्याभोवतीची कडीही बारीक होत चालली आहेत, हे मी मोजपट्टीने मोजून सांगतो, अंदाजाने नाही. तेव्हा बाईंना दीर्घायुष्य मागताना माझ्या मनात थोडा स्वार्थ आहे. टेबलामागे उभे राहून ‘काय दिसतंय?’ विचारणारे कोणी हवे.

आणि त्यांचे गुडघे निरोगी राहोत, हे वेगळे मागतो. रोहण्याच्या बसथांब्यापासून ते घर बरेच आत आहे. बाई अजून दर हिवाळ्यात तिथे जातात, ओट्याखाली उभ्या राहतात. गेल्या खेपेला आतून कडी काढल्याचा आवाज आला. दार उघडले नाही, पण कडी पुन्हा लागलीही नाही.